मनगटावरची टेकडी

माणसाने घड्याळाकडे बघावं आणि किती वाजले ते कळावं, एवढीच माझी आयुष्यभर घड्याळाकडून अपेक्षा होती. आमच्या मुलीने पहिल्या पगारातून मला जे घड्याळ पाठवलं, त्याच्या अपेक्षा मात्र उलट माझ्याकडूनच होत्या. मी किती चाललो, कसा झोपलो, दिवसभरात किती वेळ नुसताच बसून होतो, ह्यावर ते नजर ठेवायचं आणि संध्याकाळी मला खजील करायचं. तेही मी सहन केलं. मुलीने दिलेलं आहे म्हटल्यावर माणूस बरंच सहन करतो. पण त्या घड्याळात नकाशा होता, आणि त्या नकाशापाशी सगळं बिनसलं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर माझी पंचाईत तुमच्या लक्षात यायची नाही. मी शहराच्या पाणीपुरवठा विभागात मुख्य आरेखक आहे. जमिनीखालून जाणाऱ्या पाइपांचे नकाशे मी काढतो. तुम्ही नळ सोडता आणि पाणी येतं. तुम्हाला वाटतं ते तलावातून येतं. ते आधी माझ्या टेबलावरून जातं. अशा माणसाला मनगटावरचा नकाशा वाचता येत नाही, हे चारचौघांत कळणं म्हणजे पोहण्याच्या मास्तरांना बादलीत गटांगळ्या खाताना पाहण्यासारखं आहे.

आणि खरंच वाचता येत नव्हता हो! घड्याळाची तबकडी ती केवढी, त्यात अख्खी टेकडी कोंबलेली. उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा, ओढ्यांच्या निळ्या रेषा, हद्दीच्या, विजेच्या तारांच्या, आणखी कशाकशाच्या. लोकरीचा गुंडा मांजराने खेळून टाकावा तसा प्रकार. नावं लिहिलेली होती, पण मुंगीने चष्मा लावून वाचावीत एवढी. मी लांबचा चष्मा काढून जवळचा लावेपर्यंत पडदा झोपी जायचा. त्याला उठवायला मनगट झटकावं लागे. मी झटके दिले की घड्याळाला वाटायचं मी व्यायाम करतोय, आणि नकाशा बाजूला ठेवून ते माझं अभिनंदन करायचं.

एका सकाळी बागेत बाकावर बसून मी हा खटाटोप करत होतो. बाजूचं बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं. घड्याळ थरथरलं आणि म्हणालं, आपल्या जवळच्या व्यक्तीला कळवण्यात आलं आहे. काय कळवलं, ते नाही बोललं. एवढ्यात फोन वाजला.

"बाबा! कुठे पडलात?" मुलगी ओरडलीच.

"कोण पडलंय? बाकावर बसलोय मी."

"मग मदत कशाला मागितलीत?"

"मी कशाला मागू? घड्याळाने मागितली."

मागून कोणीतरी मीटिंग सुरू झाल्याचं तिला सांगत होतं. "बाबा, खरं सांगा. दिसतं का तुम्हाला त्यात काही?"

"लख्ख!" मी म्हटलं.

"नसेल दिसत तर तसं सांगा ना. मी येईन तेव्हा ते घेऊन जाते. दुसरं मिळतं, मोठ्या आकड्यांचं. खास ज्येष्ठांसाठी असतं ते."

ज्येष्ठांसाठी! अजून मी नोकरीत आहे. जिने चढतो. केस बऱ्यापैकी काळे आहेत, आणि जे नाहीत ते टोपीखाली असतात. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. पण त्याहीपेक्षा वेगळंच काहीतरी लागलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. लहानपणी ही मुलगी रस्ता ओलांडताना माझं बोट सोडायची नाही. आता बँकेचं, तिकिटांचं, फोनचं, सगळं तीच मला शिकवते, आणि "बाबा, इथे नाही, इथे दाबा" असं म्हणताना तिचा आवाज किती मऊ असतो! रागावली असती तर बरं वाटलं असतं. पुढे चालणारा बाप मी केव्हाच राहिलो नव्हतो. निदान नकाशाच्या बाबतीत तरी माझी जागा शाबूत होती, तीही आता ही ज्येष्ठांच्या कपाटात ठेवायला निघाली.

"तू ये सुट्टीला," मी म्हटलं. "ती खिडकीतून दिसणारी टेकडी आता लोकांना चढायला खुली केलीय. तिथे मी नेतो तुला वरपर्यंत. ह्याच घड्याळावर बघून. नाही नेलं तर खुशाल घेऊन जा."

घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं. आमची ही औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात हिची हयात गेली, त्यामुळे न वाचता येणारी कुठलीही गोष्ट जगात असते ह्यावर हिचा विश्वासच नाही.

"नेतो म्हणालात?" हिने विचारलं. "तुम्ही ती टेकडी पाहिलीय का कधी?"

"खिडकीतून रोज पाहतो."

"खिडकीतून मीही पाहते," ही म्हणाली आणि भाजी चिरू लागली. ह्या बाईचं भांडण असं अर्ध्यावर संपतं, आणि उरलेलं अर्धं मला एकट्याला मनात भांडावं लागतं.

मदतीला धावले ते समोरच्या दारातले हेडसर. हेडसर निवृत्त झाले तेव्हा शाळा सुटली, पण त्यांची शिकवण्याची सवय सुटली नाही. जिन्यात कोणी भेटलं की ते आधी त्याला उभं करतात. माझी अडचण ऐकून ते म्हणाले, "समस्या साधी आहे. वस्तू लहान असेल तर ती मोठी करून पाहावी. भिंग!" आणि घरात जाऊन त्यांनी पोस्टाची तिकिटं जमवायच्या काळातलं एक जाडजूड भिंग आणलं. ते तबकडीच्या कडेबाहेर डोकावत होतं, तरी आम्ही डिंकाने घड्याळाच्या काचेवर बसवलं. दिसायला ते बेडकाच्या डोळ्यासारखं दिसत होतं, पण अक्षरं खरोखर मोठी झाली. मी उत्साहाने गच्चीत गेलो, मागोमाग हेडसर. ऊन छान पडलं होतं. मी मनगट जरा तिरपं करून उत्तर दिशा शोधत होतो, तेवढ्यात मनगटावरचे केस जळाल्याचा वास आला, आणि पाठोपाठ माझी किंकाळी.

"मी सहावीत हे प्रयोगाने दाखवत असे," हेडसर कौतुकाने म्हणाले. "कागद पेटायला मात्र जास्त वेळ लागायचा."

हिने दुकानातलं मलम लावलं आणि लावता लावता म्हणाली, "अहो, नकाशा दिसत नाही म्हणून घड्याळाला आणि डोळ्यांना काय काय लावताय? नकाशाच सोपा करा की. तेच काम करता ना तुम्ही ऑफिसात?"

आता हे मला सुचायला हवं होतं हे खरं आहे. पण तज्ज्ञ माणसाला साधी गोष्ट उशिराच सुचते, हे माझं निरीक्षण आहे, आणि तज्ज्ञ म्हणून मी ते ठामपणे मांडतो.

चौकशी केल्यावर कळलं की घड्याळातला नकाशा बदलता येतो. हौशी लोकांनी जमवलेला नकाशा फुकट मिळतो. त्यातली कुठली रेघ दाखवायची, किती जाड करायची, कुठल्या रंगात, हे आपण ठरवायचं आणि तो घड्याळात भरायचा. म्हणजे माझंच काम! फक्त त्याला चांगला संगणक लागतो. घरचा संगणक मुलगी जाताना घेऊन गेली होती. उरला ऑफिसचा.

आमच्या ऑफिसात संगणकाला काहीही जोडायचं तर संगणक कक्षाच्या प्रमुखाची परवानगी लागते. हा प्रमुख वयाने लहान, पण चेहरा असा की आत्ताच पेन्शन मंजूर व्हावी. त्याने घड्याळ उलटसुलट करून पाहिलं.

"हे उपकरण आहे की दागिना?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"उपकरण असेल तर वरून मंजुरी लागेल. खरेदी कोणी केली, कशासाठी केली, विभागाच्या कामाशी संबंध काय, सगळं आलं. दागिना असेल तर नियमात काही म्हटलेलंच नाही."

"दागिन्यात नकाशा असतो का?"

"ते मी विचारलेलं नाही. तुम्हीही मला सांगू नका."

मी दागिना म्हणालो. माझ्या बायकोला एवढी वर्षं मी जे घेऊन दिलं नाही ते मी स्वतः घालून फिरतोय, असं कबूल करून मी ते संगणकाला जोडलं. जेवणाच्या सुट्टीत आमच्या विभागाचे साहेब येऊन मागे उभे राहिले. मला वाटलं आता आली का पंचाईत. पण साहेब म्हणाले, "ह्यात आपले व्हॉल्व्ह दिसतील का?" मी म्हटलं, पुढेमागे दिसतीलही. तेव्हापासून साहेब मला बघून मान डोलावू लागले. काम सरकारी झाल्यासारखं मला हायसं वाटलं.

आणि काय सांगू, त्या कामात मी रमलो! इतक्या वर्षांत मी दुसऱ्यांसाठी नकाशे काढले. हा पहिला माझ्या मनगटासाठी होता. उंचीच्या रेषा बऱ्याचशा काढून टाकल्या. टेकडी चढताना ती उंच आहे हे कळायला रेषा कशाला हव्यात? गुडघे सांगतात. हद्दी काढल्या, विजेच्या तारा काढल्या. अक्षरं मोठी केली. नकाशा श्वास घेऊ लागला.

तरी टेकडीवर काहीतरी वळवळत होतं. बारीक तुटक रेषा, ही इकडे, ती तिकडे, वळणं घेत, एकमेकींना फाटे फोडत. आणि तुटक रेषा म्हटली की माझं डोकं फिरतं. ह्याला कारण आहे. आमच्या विभागात सलग रेषा म्हणजे झालेलं काम: पाइप टाकला, पाणी वाहतंय. तुटक रेषा म्हणजे प्रस्तावित. होणार. कधीतरी. नोकरीला लागलो तेव्हा आम्ही शाईच्या पेनाने नकाशे काढायचो, आणि तुटक रेषा काढणं म्हणजे छळ असायचा: एक रेघ, एक फट, एक रेघ, एक फट, श्वास रोखून. नकाशाची नवी प्रत निघाली की त्याच रेघा, त्याच फटी पुन्हा. आणि ते काम होतंय म्हणाल तर कधीच नाही! मी प्रस्तावित पाइप म्हातारे होताना पाहिले आहेत. त्या पाइपांची मला कीव येते.

म्हटलं, वा! इथेही प्रस्तावितांचा सुळसुळाट. रिकामटेकड्या हौशी लोकांनी मनातल्या वाटा काढून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या गर्दीत खरा रस्ता दिसत नाही. खुणांची सूची बाजूला होती. पण सूची मी दुसऱ्यांसाठी तयार करतो. मुख्य आरेखकाने सूची वाचणं म्हणजे आचाऱ्याने शेजारणीला मीठ किती घालू विचारणं. मी सगळ्या तुटक रेषा एका फटक्यात पुसून टाकल्या.

आणि त्या गुंत्याखालून उरली एकच सलग, सुंदर, ठाम रेषा. टेकडीच्या पायथ्यापासून निघून सरळ माथ्यापर्यंत गेलेली. ना वळण, ना फाटा. मी ती जाड केली आणि लालभडक रंगवली. घड्याळ मनगटावर चढवलं तेव्हा चष्मा न लावता मला ती दिसली. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी मी आमच्या दारात उभा राहिलो आणि हेडसरांनी त्यांच्या दारातून ती रेषा ओळखली. "उत्कृष्ट! शाळेच्या भिंतीवर लावावा असा नकाशा," ते म्हणाले. "मी येणार टेकडीवर." येऊ का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं, त्यामुळे नको म्हणायला जागा नव्हती.

मुलगी आली. थोडी वाळल्यासारखी वाटली, पण हसणं तेच. तिने आल्या आल्या माझं मनगट हातात घेतलं, लाल रेषा पाहिली आणि भुवया उंचावल्या. "बाबा, हे तुम्ही केलंत?" माझी छाती जी फुगली ती रात्री झोपेपर्यंत खाली बसली नाही. पण तिच्या बॅगेत मी एक लहान चौकोनी डबा पाहिला. कशाचा ते मी विचारलं नाही. घड्याळाचे डबे ओळखायला काय लागतं?

सकाळी आम्ही चौघं पायथ्याशी पोचलो. मी पुढे, मग मुलगी, मग ही पाण्याच्या बाटल्या घेऊन, आणि शेवटी हेडसर, काठी आणि स्वच्छ पांढरी पँट अशा थाटात. डाव्या हाताला एक चांगली रुळलेली वाट वर जात होती. तिच्यावरून माणसं चालली होती, आयांनी मुलांना धरलं होतं, एक गृहस्थ तर ढकलगाडीत बाळ घालून नेत होते. माझी लाल रेषा समोरच्या काटेरी झुडपात शिरत होती.

"बाबा, लोक तर तिकडून जातायत," मुलगी म्हणाली.

"लोकांचं काय, लोक कुठेही जातात," मी म्हटलं. "त्यांच्याकडे घड्याळ आहे का?"

आम्ही झुडपात शिरलो. पुढच्या प्रवासाचं सविस्तर वर्णन मी करणार नाही, कारण बाकीचे तिघं ते अजून करतात. एवढंच सांगतो की ती रेषा कुठेच वळत नव्हती. मोठा दगड आला तर रेषा दगडावरून. घळ आली तर रेषा घळीतून. चढ असा की समोरच्या माणसाच्या बुटांचे तळवे वाचता यावेत. घड्याळ मात्र खुशीत होतं. मी जरा बाजूला गेलो की किणकिणायचं, आणि पुन्हा काट्यात पाय टाकला की मार्ग बरोबर असल्याचं सांगायचं. हेडसरांची पँट एका फांदीने धरून ठेवली. ती सोडवताना ती गुडघ्यापाशी सहावीच्या मुलाच्या पँटीसारखी फाटली.

"अहो," मागून ही म्हणाली, "माणसाची वाट अशी सरळ असते का हो कधी?"

"सरळ माणसांची असते," मी म्हटलं. पण धापा टाकत म्हटलं, त्यामुळे त्यात काही दम राहिला नाही.

अर्ध्याच्या वर गेल्यावर एका सपाट जागी आम्हाला सिमेंटचा एक चौथरा लागला. त्यावर लोखंडी झाकण. झाकणावर आमच्या विभागाचं चिन्ह. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. ते व्हॉल्व्हचं चेंबर होतं. टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे, तिला खालून मोठा पाइप जातो, आणि त्या पाइपावर मधे एक व्हॉल्व्ह बसवलेला आहे. मला हे चांगलं माहीत होतं. मीच कागदावर काढला होता तो.

"बाबा," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. ती तिच्या फोनवर तोच मूळ नकाशा उघडून बसली होती. "ह्यातल्या पायवाटा कुठे गेल्या?"

"कुठल्या पायवाटा?"

"ह्या. तुटक रेषांच्या. पायवाट तुटक रेषेनेच दाखवतात ना. ही तुमची सलग रेषा म्हणजे..." तिने खुणांची सूची पाहिली. "म्हणजे पाइपलाइन."

घळीपलीकडे झाडांमधून ती रुळलेली वाट दिसत होती, आणि ढकलगाडीवाले गृहस्थ आमच्या पुढे निघून गेले होते.

"मी त्या पुसल्या," मी म्हटलं. "मला वाटलं त्या प्रस्तावित आहेत."

ही आधी हसली. मग हेडसर, फाटक्या गुडघ्यावर हात ठेवून. मुलगी हसू दाबत होती, आणि तेच मला जास्त लागलं.

"पण तुमचाच पाइप तुम्हाला ओळखू आला नाही?" हिने डोळे पुसत विचारलं.

"आमच्याकडे हा पाइप तीन वेगवेगळ्या कागदांवर तुकड्या-तुकड्यांत आहे. अख्खा मी आजच पाहिला. आणि इथे मी कधी आलोच नव्हतो. आमच्याकडे काढणारे ऑफिसात बसतात आणि खणणारे बाहेर जातात."

मी झाकणावर बसलो. घड्याळ मनगटावरून काढलं आणि मुलीपुढे धरलं. "घे बाई. मला ह्यात काही दिसत नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं दिसत. तुझ्या बॅगेतलं ते दुसरं दे."

तिने घड्याळ घेतलं नाही. "ते राहू दे बाबा. आधी आता जायचं कुठून? खाली त्या काट्यांतून काही सर येऊ शकणार नाहीत. आणि पायवाट तर त्या घळीच्या पलीकडे आहे." ती फोन फिरवत होती. तिच्या नकाशातही ह्या बाजूला काहीच नव्हतं. हेडसर पहिल्यांदाच काही न शिकवता चौथऱ्याच्या कडेला टेकले होते आणि काठी बाजूला ठेवून पोटऱ्या चोळत होते. त्यांना इथवर मी आणलं होतं. मला फार वाईट वाटलं.

तेव्हा मला ती रेघ आठवली.

ह्या चेंबरच्या उगवतीच्या बाजूने टाकीपर्यंत, टेकडीला वळसा घालून, एक पाहणी-वाट होती. व्हॉल्व्ह बघायला येणाऱ्या माणसांसाठी, पायऱ्यांची. मी नोकरीला नवा असताना ती काढली होती. एक रेघ, एक फट, एक रेघ, एक फट. प्रत्येक प्रतीवर मी ती पुन्हा काढली आणि दर वेळी तिला शिव्या दिल्या, कारण ती कधी होणार नव्हती. माझ्या ताज्यातल्या ताज्या नकाशावरही ती प्रस्तावितच आहे.

"इथे एक वाट असायला हवी," मी उठून म्हटलं.

"अहो, बसा आता," ही म्हणाली.

पण मी झुडपं बाजूला सारत उगवतीकडे सरकलो. आधी माती, मग वाळकी पानं, मग पायाखाली काहीतरी कडक लागलं. पानं बुटाने सारली तर सिमेंटची पायरी. तिच्यावर दुसरी. तिच्या वर तिसरी, आणि बाजूला गंजलेला लोखंडी कठडा, बरोबर तिथे वळलेला जिथे माझं पेन वळलं होतं. कोण्या इंजिनिअरने ती कधी बांधून घेतली देव जाणे, पण वाट झाली होती! वर्षानुवर्षं तिथे ऊनपाऊस खात पडली होती, आणि आरेखन शाखेला कोणी एका शब्दाने कळवलं नव्हतं.

"अगं ये!" मी ओरडलो. "झालीय! ही झालीय!"

मुलगी धावत आली. तिला वाटलं मी पडलो. मी पायरीवर उभा राहून कठड्यावरून हात फिरवत होतो. तिने पायऱ्या पाहिल्या, मग मला पाहिलं. "ही तुम्ही काढलेली?"

"तुझा जन्म व्हायच्या आधी."

मी पुढे झालो. वाट सोपी होती, हळूहळू चढणारी, सावलीतली. हेडसरांना हिने कठड्याच्या बाजूने घेतलं. एका ठिकाणी पायरी फुटलेली होती. मी मागे न बघता हात मागे केला, आणि मुलीने माझं बोट धरलं. पूर्वी धरायची तसंच, एकच बोट. पायरी ओलांडून झाली तरी तिने ते लगेच सोडलं नाही. मीही पावलं जरा आखूड टाकली.

माथ्यावर टाकीच्या सावलीत आम्ही बसलो तेव्हा गर्दीच्या वाटेने लोक घामाघूम होऊन येत होते. ढकलगाडीवाल्या गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "तुम्ही कुठल्या वाटेने आलात?" हेडसर उभे राहिले, फाटका गुडघा पुढे केला आणि म्हणाले, "आमच्या आरेखकांच्या वाटेने." त्या गृहस्थांना काही कळलं नाही, पण मला हेडसरांचे आधीचे सगळे सल्ले त्या एका वाक्यात माफ झाले. खाली शहर पसरलं होतं. घरोघरचे नळ त्या वेळी सुटले असतील. मी बराच वेळ बघत बसलो.

उतरताना आम्ही सर्वांबरोबर रुळलेल्या वाटेने उतरलो. ती खरोखर उत्तम वाट आहे. कोणी पुसू नये अशी.

घरी आल्यावर मुलीने बॅगेतला डबा काढला. मोठ्या आकड्यांचं घड्याळच होतं ते. मी मनाची तयारी करून हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, दार उघडून समोर गेली आणि ते हेडसरांच्या मनगटावर बांधलं. "सर, टेकडी सर केल्याबद्दल." हेडसरांनी ते लांब धरून पाहिलं. "अरे वा! हे तर दिसतंय!" तेव्हापासून ते जिन्यात उभं करून लोकांना वेळ सांगतात, न विचारता.

मग आम्ही दोघं बाप-लेक जेवणाच्या टेबलाशी तिचा संगणक उघडून बसलो. पुसलेल्या पायवाटा परत आणल्या, पण जाड आणि हिरव्या, मला दिसतील अशा. पाइप फिकट केला. आमची पाहणी-वाट त्या नकाशात नव्हतीच, ती मी नव्याने काढली.

"तुटक ना बाबा?" तिने विचारलं. "पायवाट आहे."

"सलग काढ," मी म्हटलं. "झालेलं काम आहे."

"लोकांना पाइप वाटेल."

"वाटू दे. माझ्या मनगटावर आहे ती."

सोमवारी ऑफिसात मी तीच रेघ विभागाच्या नकाशावरही सलग केली. साहेबांनी विचारलं, प्रत्यक्ष जाऊन पाहणी कोणी केली? मी म्हटलं, मी केली, सहकुटुंब. आरेखकाने जागेवर जाऊन पाहणी केल्याची आमच्या विभागातली ही पहिलीच वेळ असावी. साहेब इतके चकित झाले की त्यांनी लगेच सही केली.

मुलगी परत गेली त्या आठवड्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या घड्याळात त्या टेकडीमागे दुसरी एक टेकडी आहे. मी पाहिली. पुढच्या सुट्टीत तिथे नेता का मला?"

"तिकडे वाट आहे का पण?"

"ते तुम्ही बघा ना. मी काय सांगू? नकाशे तुम्ही काढता."

फोन ठेवला आणि मी कागद-पेन घेऊन टेबलाशी बसलो. आमच्या दारापासून त्या मागच्या टेकडीच्या माथ्यापर्यंत एक रेषा काढली. एक रेघ, एक फट, एक रेघ, एक फट. फटी सगळ्या सारख्या आल्या.

"काय काढताय?" हिने आतून विचारलं.

"प्रस्तावित आहे," मी म्हटलं, आणि ती तशीच ठेवली.